मुक्या जिवाचा आनंद कोणाच्या मालकीचा?

मराठीत ‘पाळणे’ या एका क्रियापदावर आपण बरेच ओझे टाकले आहे. आपण शब्द पाळतो, वेळ पाळतो, वैद्याने सांगितलेले पथ्य पाळतो. आणि त्याच क्रियापदाने शेळी, कोंबडी, कुत्रा, मांजरही पाळतो. शब्द पाळायचा तर बंधन आपल्या गळ्यात येते. जनावर पाळायचे म्हटले की मात्र ते बंधन आपल्या गळ्यातून निघून त्याच्या गळ्यात जाते. दावे होऊन, साखळी होऊन किंवा पिंजऱ्याची कडी होऊन. आमच्या घरात दोन गिनीपिग आले नसते, तर या एका शब्दाच्या दोन बाजूंकडे आमचे कधी लक्ष गेले असते असे वाटत नाही.

शेळी दूध देते, कोंबडी अंडी देते, कुत्रा दारात बसून भुंकतो, मांजर उंदरांचा बंदोबस्त करते. त्यांच्यात आणि आपल्यात थोडाफार देण्याघेण्याचा व्यवहार असतो आणि व्यवहाराच्या आडोशाला नैतिक प्रश्न सहज लपतो. गिनीपिग आपल्याकडे असले काही देत नाही. राखण करत नाही, हाकेला ओ देऊन धावत येईलच असेही नाही. आमच्या दादींनी पहिल्याच दिवशी विचारले होते, “ये किस काम के रे?” धाकटी म्हणाली, “खेळतात.” यापेक्षा वेगळे उत्तर आजही आमच्यापाशी नाही. हा प्राणी केवळ आनंदासाठी पाळला जातो. म्हणूनच त्याच्या बाबतीत प्रश्न अगदी उघडा पडतो: हा आनंद कोणाचा? त्याचा की आपला? आणि तो आपला असेल, तर त्यासाठी एका जिवाला जन्मभर कोंडून ठेवण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

आधी प्राण्याची ओळख. नावात गिनी आहे, पण आफ्रिकेतल्या गिनीशी याचा संबंध नाही. पिग आहे, पण डुकराशीही नाही. कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातला, उंदीर-खारींचा हा दूरचा नातलग. मूळ गाव दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. तिथल्या लोकांनी त्याला काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवले. पेरू, बोलिव्हिया, एक्वादोर या देशांत त्याला ‘कुई’ म्हणतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांबरोबर तो युरोपात पोहोचला आणि तिथे श्रीमंतांच्या मुलांचे खेळणे झाला. शेपूट नाही, पुढच्या पायांना चार-चार बोटे, मागच्यांना तीन-तीन. दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे दिवसभर गवत चावत राहणे हा त्याचा शौक नसून गरज आहे. पिल्लू जन्मते तेच डोळे उघडे, अंगावर केस, तोंडात दात अशा तयारीने. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आईच्या शेजारी बसून पाला कुरतडू लागते. वजन किलोच्या आसपास, आयुष्य पाच ते सात वर्षांचे.

आमच्याकडच्या दोघी माद्या. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची ती कवडी आणि तपकिरी ती खारीक. नावे मुलांनी ठेवली. जुने घर, खाली शहाबादी फरशी, मधल्या खोलीचा एक कोपरा लाकडी फळ्या लावून दोघींसाठी मोकळा सोडलेला. त्यात सुके गवत, पुठ्ठ्याचे दोन खोके, जुन्या पाइपचा एक तुकडा आणि एक आडवा ठेवलेला माठ.

सकाळी स्वयंपाकघरात प्लॅस्टिकच्या पिशवीचा नुसता आवाज झाला की कोपऱ्यातून शिट्टी सुरू होते. ‘वीऽक, वीऽक’ अशी, चढत जाणारी, इतक्याशा अंगातून निघेल असे वाटू नये एवढी मोठी. पिशवीत कोथिंबीर आहे की कपडे धुण्याचा साबण याची चौकशी त्या करत नाहीत. फ्रिजचे दार त्यांना कळते, विळीचा आवाज कळतो. गिनीपिग एकमेकांशी बोलताना ही शिट्टी फारशी वापरत नाहीत. ती बहुतेक माणसासाठी राखून ठेवलेली असते. त्यांच्या आपापसातल्या बोलीत दुसरेच आवाज आहेत. आनंदातली हलकी किणकिण, वर्चस्व दाखवताना कंबर हलवत केलेली खोल घुरघुर आणि राग आला की दातांचा कटकटाट. चालताना एकीच्या मागे दुसरी, नाकाला पाठ लावून, आगगाडीच्या डब्यांसारखी. पाइपच्या एका तोंडातून शिरायचे, दुसऱ्यातून निघायचे आणि काहीच न घडल्यासारखे पुन्हा पहिल्या तोंडाशी यायचे.

आणि मग ती उडी. गवत खाता खाता मध्येच एखादी चारही पायांवर सरळ वर उडते, हवेत अंगाला हिसडा देते, तोंड एकीकडे आणि धड दुसरीकडे, खाली येते आणि पुन्हा उडते. तापल्या कढईत ज्वारीची लाही फुटावी तशी. पाळणाऱ्यांच्या इंग्रजी बोलीतही या उडीचे नाव मक्याच्या लाहीवरूनच पडले आहे. लहान पिल्ले जास्त उडतात, मोठी क्वचित. एक उडाली की तिचे पाहून दुसरीही उडते. तिला त्यातून काही मिळत नाही, अन्न नाही, जोडीदार नाही, शत्रूपासून सुटका नाही.

प्राण्यांच्या खेळाचा अभ्यास करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ गॉर्डन बर्गहार्ट यांनी २००५ साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. खेळ कशाला म्हणावे याच्या काही खुणा त्यांनी सांगितल्या आहेत. ती कृती त्या घडीला कुठल्या गरजेपुरती नसते. ती आपखुशीने केलेली असते. आणि प्राणी उपाशी, आजारी किंवा भ्यालेला असताना ती दिसत नाही. ही शेवटची खूण आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. गिनीपिगला उचलून मांडीवर घेता येते, कुठल्याही वेळी त्याच्यापुढे अन्न ठेवता येते, त्याचे केस विंचरता येतात, फोटो काढता येतो. उडी मात्र त्याच्याकडून मारून घेता येत नाही. माकडाला, अस्वलाला काठीच्या धाकाने नाचवता येते, म्हणून त्यांचे नाचणे आनंदाचे असते असे कोणी शहाणा म्हणणार नाही. इथे धाक दाखवला की उडी थांबते. मालकीच्या घरात ही एक वस्तू मालकाच्या ताब्यात नाही.

याच्या उलट बाजूला आणखी एक गोष्ट आहे आणि ती पाळणाऱ्यांना ऐकायला आवडत नाही. हातात घेतलेला गिनीपिग पुष्कळदा अगदी निश्चल बसतो. पाहुणे म्हणतात, “किती गरीब आहे! किती माया लावली आहे!” वास्तविक हा प्राणी शिकार होणाऱ्यांपैकी आहे. वरून पंजा आला की गोठून जाणे हा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा बचाव आहे. काही जनावरे कालांतराने खरोखरच सैलावतात, पाय पसरून बसतात, डोळे मिटतात. पण ताठ अंगाने, उघड्या डोळ्यांनी बसलेल्या जनावराचे गप्प राहणे म्हणजे माया नव्हे, भीती असू शकते. आपल्या समाजात माणसांच्या बाबतीतही गप्प राहण्याचा अर्थ संमती असाच लावला जातो, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

तत्त्वज्ञांनी जनावरांचा विचार केला तो मुख्यतः दुःखाच्या अंगाने. सतराव्या शतकात देकार्तने जनावरांना यंत्राच्या पंक्तीला बसवले. १७८९ साली बेंथमने प्रश्न फिरवला. त्यांना तर्क करता येतो का, बोलता येते का हे सोडा, त्यांना दुःख होते का ते विचारा, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. प्राण्यांसाठी पुढे जे कायदे झाले, त्यांचा पाया हाच. आपल्याकडचा १९६० चा कायदाही प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आहे. क्रूरता टाळली की कर्तव्य संपले, असा त्याचा सोयीस्कर अर्थ लावणारे पुष्कळ भेटतात. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या जिवाला आनंद होतो, त्याचा आनंद हिरावून घेणे हेही घेणेच आहे. खाऊनपिऊन धडधाकट असलेला, कुठेही जखम नसलेला, पण वर्षानुवर्षे एकदाही न उडलेला गिनीपिग कुठल्याही कायद्याने पीडित ठरणार नाही. त्याच्यावर जुलूम झाला की नाही?

या प्राण्याच्या वाट्याला माणसाने दिलेल्या भूमिका पाहिल्या की प्रश्न आणखी अवघड होतो. ‘आम्हाला गिनीपिग समजता काय?’ हे वाक्य आता मराठीत रुळले आहे, ते प्रयोगशाळांमुळे. १७८० च्या दशकात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले आणि वितळलेले बर्फ मोजून श्वसन हे एक मंद ज्वलन असल्याचे दाखवले. १८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू ओळखला, तेव्हा ते जंतू टोचून घ्यायला हेच प्राणी होते. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी त्यांना नुसत्या धान्यावर ठेवले आणि खलाशांना होणारा स्कर्व्ही त्यांच्यात उमटलेला पाहिला. बहुतेक सस्तन प्राणी ‘क’ जीवनसत्त्व आपल्या शरीरात तयार करतात. माणूस करू शकत नाही आणि गिनीपिगही करू शकत नाही. त्याच्यातली नेमकी आपल्यासारखी असलेली उणीव त्याला प्रयोगाच्या टेबलावर घेऊन गेली. ज्यांच्या नावाची संस्था मुंबईत परळला आहे, त्या हाफकिन यांनी १८९२ साली पॅरिसमध्ये पटकीची लस केली ती जंतू एका गिनीपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात असे पुढे नेत नेत. ती लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ते हिंदुस्थानात आले. पटकीने गावेच्या गावे ओस पडत होती तो काळ. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांपैकी कोण त्या लशीने वाचले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. गिनीपिगांचा तर नाहीच. आम्ही लस घेतो, मुलांना देतो. तेव्हा त्या टेबलाकडे बोट दाखवून हात झटकणे आम्हाला जमत नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्यांसाठी प्राणी वापरण्यावर भारताने २०१४ साली बंदी घातली, ते योग्यच झाले. लालीपावडर आणि पटकी यांत फरक आहे.

अँडीजमधल्या लोकांची भूमिका वेगळी. तिथल्या खेड्यांत कुई घरातच, पुष्कळदा स्वयंपाकघराच्या जमिनीवर, चुलीच्या उबेत कळपाने वावरतात. भाज्यांची देठे-साले, कुरणातले गवत हे त्यांचे खाणे. लग्नाकार्याला, सणाला, पाहुणा आला तर त्यांचे मांस शिजते. कुझ्को शहराच्या कॅथेड्रलमध्ये अठराव्या शतकातले एक प्रसिद्ध चित्र आहे. येशूच्या अखेरच्या भोजनाच्या त्या चित्रात टेबलावर मधोमध भाजलेला प्राणी दाखवला आहे आणि तो कुई आहे असेच सामान्यतः मानतात. हे वाचून आमच्या धाकटीने जेवण सोडले. तिला आम्ही बकरीदच्या बोकडाची आठवण दिली नाही. तिची तिलाच झाली. आठ-पंधरा दिवस दारात बांधलेल्या बोकडाला मुलेच पाला घालतात, त्याच्या पाठीवर हात फिरवतात आणि ईदच्या सकाळी घरात कुठेतरी लपून रडतात. या रडण्याला हसणारे वडीलधारे आम्हाला कधी आवडले नाहीत. ते रडू संपून जावे असेही वाटत नाही.

पण एक तुलना मनातून जात नाही. चुलीपाशी कळपात वाढलेली, पिल्लांसह फिरणारी, शेवटी सुरीखाली जाणारी कुई आणि शहरातल्या सदनिकेत लाडाचे नाव मिळालेला, दोन फुटांच्या पिंजऱ्यात एकटाच सहा वर्षे काढून म्हातारपणी मरणारा गिनीपिग. कोणाला कोणी अधिक चांगले पाळले? दुसऱ्याला कोणी मारले नाही, एवढ्यावर त्याच्या बाजूने निकाल देता येईल का? आम्हाला वाटते, नाही देता येणार. प्रेम हे उत्तर होऊ शकत नाही, कारण त्याला पिंजऱ्यात ठेवणाराही प्रेमच करत असतो.

आमच्या परंपरेत या प्रश्नाच्या दोन टोकांना दोन कथा आहेत. मांजर कोंडून ठेवली, तिला खायला दिले नाही आणि स्वतःचे शोधून खायला सोडलेही नाही, म्हणून एक बाई शिक्षेला पात्र झाली, ही एक. दुसरी हजरत अनस यांच्या धाकट्या भावाची, अबू उमैर या लहानग्याची. त्याच्यापाशी खेळायला एक चिमुकला पक्षी होता, तो मेला. पैगंबरसाहेबांनी मुलाला उदास पाहिले आणि हसतखेळत त्या पक्ष्याची विचारपूस करून त्याचे मन हलके केले. या एवढ्याशा प्रसंगातून इब्नुल कास नावाच्या विद्वानाने साठ मुद्दे काढून एक पुस्तिका लिहिली. मुलाने पक्षी बाळगणे गैर नाही, हा त्यांतला एक. कोंडणे आणि बाळगणे यांमधली रेघ मात्र ज्याची त्याने, रोज, आपल्या घरात ओढायची आहे.

सोलापुरात ती रेघ एप्रिल-मे महिन्यांत ओढावी लागते. पारा चाळीसच्या वर. गिनीपिगच्या पूर्वजांचे गाव थंड पहाडातले; तीस अंशांच्या पुढे त्याला उष्माघात होऊ शकतो आणि घाम येऊन अंग थंड करण्याची सोय त्याच्याकडे नाही. शहाबादी फरशी, ओला केलेला माठ, खिडकीला वाळ्याचा पडदा, गोठवलेल्या पाण्याची फडक्यात गुंडाळलेली बाटली, असे सगळे करतो. तरी दुपारी दोन वाजता दोघी माठाला चिकटून, धापा टाकत पडलेल्या असतात आणि मग प्रश्न येतो: अँडीजचा जीव सोलापुरात आणलाच का? त्यावर ‘आपल्याकडे येण्याआधीच तो सोलापुरात जन्मला होता’ हे उत्तर खरे आहे. तेवढेच ते अपुरेही आहे. जोवर कोणी विकत घेते, तोवर कोणीतरी पिल्ले काढते. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ साली नियम झाले आहेत. रस्त्याकडेच्या पिंजऱ्यांपाशी उभे राहिले तर ते नियम कुठे दिसत नाहीत.

सर्वांत मोठी गाठ सोबतीची. म्युन्स्टर विद्यापीठातले नॉर्बर्ट झाक्सर यांनी गिनीपिगांवर पुष्कळ वर्षे काम केले. अनोळखी जागी एकट्या नराला ठेवले की त्याच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक वाढते. त्याची ओळखीची जोडीदारीण जवळ असली तर ते बरेच कमी वाढते. अनोळखी मादीने मात्र फरक पडत नाही. म्हणजे नुसती गर्दी नको, नाते हवे. स्वित्झर्लंडने २००८ साली कायद्यानेच ठरवले की, गिनीपिग एकटा ठेवायचा नाही. ऐकायला सुंदर आहे, पण त्यातून एक पेच निघतो. दोघी एकदम मरत नाहीत. एक गेली की उरलेलीसाठी दुसरी आणायची; मग कालांतराने पहिली जाते आणि ती दुसरी एकटी पडते. तिच्यासाठी तिसरी. दिलेला शब्द पाळायचा तर तो कधी संपतच नाही. त्या देशात उरलेल्या गिनीपिगला तात्पुरती सोबत भाड्याने देण्याची सोय निघाली, ती याच पेचातून.

हा पेच आमच्या दारातही आला. पाच वर्षांनी कवडी गेली. हे प्राणी आजार लपवतात. दुबळे दिसणे म्हणजे शिकाऱ्याला बोलावणे. रात्री कोथिंबीर खाल्ली आणि सकाळी माठात निजली ती उठली नाही. खारीक दोन दिवस त्या माठात गेली नाही. नंतर खाऊ लागली, शिट्टीही मारू लागली, पण पाइपमधून जाणे थांबले. उडी तर नाहीच. मुले म्हणत होती, आपण आहोत ना, आपण जास्त वेळ बसू तिच्यापाशी. मुले बसलीही. तासन्‌तास.

घरात दोन मते पडली. बाजारातून एक पिल्लू आणावे, हे एक. दुसरे दादींचे. त्या म्हणाल्या, “अमानत है, दिल लगा करके अपनी नहीं होती.” शहरातच एका ओळखीच्या कुटुंबाकडे तीन माद्या होत्या, मोकळे अंगण होते, झाडे होती. धाकटीने तीन दिवस कोणाशी बोलणे टाकले. तिचा मुद्दा साधा होता आणि आम्हाला तो खोडता आला नाही: “तुम्हीच म्हणता पाळलेल्याला टाकू नये.” शब्द पाळण्यासाठी जनावर सोडावे लागते, हे नऊ वर्षांच्या मुलीला कसे सांगणार? आम्ही तिला एवढेच विचारले की, खारकेने शेवटची उडी कधी मारली होती. तिने उत्तर दिले नाही. चौथ्या दिवशी तिने स्वतःच खोका काढला, त्यात गवत घातले आणि वासाची ओळख राहावी म्हणून जुन्या फडक्याचा तुकडा ठेवला.

तिकडे आठवडाभर मध्ये जाळी ठेवली, मग एका अनोळखी खोलीत चौघींना एकत्र सोडले. पहिल्या दिवशी दातांचा कटकटाट, घुरघुर, थोडी पळापळ. कोण मोठी, कोण धाकटी हे त्यांनी आपापसात ठरवून घेतले. महिन्याने आम्ही सगळे पाहायला गेलो. धाकटीने नावाने हाक मारली. खारकेने मान वळवली नाही. ती रांगेत तिसरी होती आणि रांग पेरूच्या झाडाखालून चालली होती. धाकटी जाळीपाशी उकिडवी बसून राहिली. बऱ्याच वेळाने, आम्ही निघायच्या बेतात असताना, गवतातून ती एकदाच वर उडाली, वेडीवाकडी, लाहीसारखी, आणि तिच्यामागे दुसरी उडाली. घरी येताना रिक्षात धाकटीने विचारले, “ती आता आपली नाही ना?” दादींनी तिला जवळ ओढले, उत्तर दिले नाही, आम्हीही दिले नाही.